बहिणीकडं वाढायला ठेवली

मी माझ्या आईवडिलांची मुलगी नाही असं इंदापूरच्या कोर्टानं ठरवलं, तेव्हा ते दोघंही हयात नव्हते. त्यातल्या त्यात हे बरं झालं, असं मला त्या दिवशी वाटलं. नवरा गाडी आणायला गेला होता आणि मी आवारातल्या लिंबाखाली उभी होते. आमच्या वकिलांनी निकालाचा सारांश सांगितला. मी मयतांची दत्तक कन्या असल्याचं सिद्ध होत नाही, सबब घर आणि जमीन यांचा ताबा वादीला द्यावा.

"म्हणजे मी कोण?" मी विचारलं.

"प्रतिवादी," ते म्हणाले. त्यांना विनोद करायचा नव्हता. त्यांना पुढच्या खटल्यासाठी आत जायचं होतं.

वादी म्हणजे माझा चुलतभाऊ. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, थोरल्या भावाचा मुलगा. मी त्याला दादा म्हणते. निकालानंतर तो माझ्यासमोरून गेला, दोन पावलं पुढं जाऊन थांबला, काहीतरी बोलावं की नाही असा विचार केला आणि मग गेटाबाहेर गेला.

आमच्या घरची गोष्ट गावाला माहीत होती आणि मलाही. ती माझ्यापासून कुणी कधी लपवली नाही. माझी आई आणि मावशी सख्ख्या बहिणी. आई थोरली, तिला शेळगावात दिलेली. मावशी धाकटी, तिला इंदापुरात. आईला मूल झालं नाही. मावशीला पाठोपाठ तीन मुली झाल्या, त्यातली तिसरी मी. मी चालायला लागायच्या आधीच मावशीनं आणि तिच्या नवऱ्यानं मला आईच्या मांडीवर दिलं. भटजी आले होते, नातेवाईक जेवले होते, आणि इंदापुरात जाऊन दत्तकपत्राची रीतसर नोंदणीही झाली होती. मी शेळगावात वाढले. शाळेत आबांचं नाव लावलं. मावशी दिवाळीला यायची तेव्हा तिच्या दोन मुलींसारखाच फ्रॉक मलाही आणायची, त्यांच्याहून भारी कधीच नाही. मला जवळ घ्यायची तेही इतर भाचरांना घेतात तेवढंच. आता आठवतं, की त्या बाबतीत ती फार काटेकोर होती.

लग्न होऊन मी जळोचीला आले. इथं आमचं औषधाचं दुकान आहे. मी फार्मसीचं शिकलेली, त्यामुळे दुकान मीच बघते. नवरा एका खासगी कंपनीत नोकरीला. आबांचे गुडघे गेले तेव्हापासून आमची शेती दादाच बघायचा, कारण बांधाला बांध लागून त्याचीच जमीन. आबा गेले, मग थोड्या काळानं आईही गेली. वारस म्हणून माझं नाव लावायला मी तलाठ्याकडं अर्ज दिला आणि दादानं त्यावर हरकत घेतली. पाठोपाठ इंदापूरच्या कोर्टाचं समन्स दुकानात आलं. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की दत्तकविधान झालंच नाही, मी त्याच्या काकीच्या बहिणीची मुलगी, शिक्षणासाठी त्यांच्याकडं राहिलेली.

आम्ही निर्धास्त होतो. दत्तकपत्र होतं, दाखले होते, लग्नाचे फोटो होते. आणि मावशी जिवंत होती. जिनं दिलं तीच साक्ष देणार म्हटल्यावर आणखी काय पाहिजे, असं आमचे वकीलही म्हणाले होते.

मावशीच्या साक्षीला मी मागच्या बाकावर बसले होते. ती नवी नऊवारी नेसून आली होती. आमच्या वकिलांनी विचारलेल्या प्रश्नांची तिनं नीट उत्तरं दिली. भटजी आलते, व्हय. बहिणीच्या मांडीवर मीच ठिवली, व्हय. कागदावर अंगठा माझाच. मग दादाचे वकील उभे राहिले. वयस्कर, मृदू बोलणारे गृहस्थ. तिला त्यांनी आधी बसायचं आहे का म्हणून विचारलं. ती नको म्हणाली. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या मोठ्या दोन्ही मुलींची लग्नं तुम्हीच केलीत ना?"

"व्हय की."

"मग तिसरी तेवढी दुसऱ्याला देऊन टाकलीत, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मावशीचा चेहरा बदलला. तिनं कठड्याला धरलेला हात उचलला.

"देऊन टाकायला ती काय भांडं हाय व्हय? पोटची पोर कुणी दितं का? बहिणीकडं वाढायला ठेवली."

वकिलांनी मान डोलावली आणि न्यायाधीशांकडं पाहिलं. साहेबांनी लघुलेखकाला मजकूर सांगितला, आणि मावशीचं बोलणं माझ्यादेखत असं झालं : "हे म्हणणे खरे आहे की, मी माझी मुलगी दिली नाही. मी तिला बहिणीकडे वाढविण्यासाठी ठेवली होती."

आमचे वकील उभे राहून काहीतरी म्हणाले, पण ते वाक्य कागदावर उतरलं होतं. निकालात तेच शब्द होते. दत्तकपत्र नोंदलेलं असलं तरी, जन्मदात्री स्वतःच सांगते की तिनं मुलगी दिली नाही, म्हणून प्रत्यक्ष देणं-घेणं झालं असं म्हणता येत नाही.

इंदापुरातून आम्ही जळोचीला निघालो. शेळगावचा फाटा आला तेव्हा नवऱ्यानं गाडीचा वेग कमी केला, मी नको म्हणून खूण केली. घरी आल्यावर तो म्हणाला, "सोडून देऊ. आपल्याला काय कमी आहे? त्यानं कसलीय जमीन, त्याला राहू दे."

"जमीन राहू दे," मी म्हटलं.

"मग अपील कशाला?"

मी भाजी फोडणीला टाकली. थोड्या वेळानं म्हटलं, "उद्या मी आबांच्या फोटोला हार घातला, तर कोण म्हणून घालू?"

तो कोथिंबीर निवडायला बसला. दुसऱ्या दिवशी त्यानंच बारामतीतल्या वकीलबाईंची वेळ घेतली.

इंदापूरच्या निकालावर अपील बारामतीच्या जिल्हा न्यायालयात करायचं असतं. ते कोर्ट माझ्या दुकानापासून स्कूटरनं जाण्याएवढं जवळ. मला आधी ते सोयीचं वाटलं. नंतर कळलं, की इंदापूरचं कोर्ट लांब होतं तेव्हा खटला तारखेपुरताच असायचा. आता होलसेलवाल्याकडं औषधं आणायला जाताना, दळण टाकायला जाताना, पोरीला क्लासला सोडताना त्या बाजूनं जावं लागलं की पुढची तारीख आठवायची.

वकीलबाई माझ्याहून लहान होत्या. चष्मा डोक्यावर सरकवून त्यांनी निकालपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत माझ्यासमोर वाचलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत बसले. दुकानात गिऱ्हाईकं माझ्याकडं तशी बघतात, मी रिपोर्ट वाचत असताना.

"मुदतीत आहोत आपण," त्या म्हणाल्या. "पण आधी स्थगिती घ्यावी लागेल. नुसतं अपील केल्यानं निकाल थांबत नाही. समोरचे ताब्यासाठी कधीही अर्ज करू शकतात."

"कधीही म्हणजे?"

"उद्यासुद्धा."

ते 'उद्यासुद्धा' माझ्या डोक्यातून गेलं नाही. शेळगावच्या घराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. आत आईची भांडी, आबांचा कोट, देव, सगळं तसंच होतं. दादा त्या घरापासून चार घरं सोडून राहतो. त्यानं कुलूप तोडलं तर मला कळणारही नाही, असं वाटायला लागलं. दुकानात हात चालत होते, पण मन नव्हतं. एका आजोबांना मी बीपीच्या गोळ्यांची वेगळ्या ताकदीची पट्टी दिली आणि ते पायरी उतरेपर्यंत ध्यानात आलं नाही. धावत जाऊन बदलून आणली. ते म्हणाले, "असू दे पोरी, व्हतं." त्यानंतर मी प्रत्येक चिठ्ठी मोठ्यानं वाचायला लागले.

शेवटी एका सकाळी दुकान उशिरा उघडायचं ठरवून मी एसटीनं शेळगावला गेले. दादा आमच्याच घराच्या पायरीवर बसला होता. कुलूप जागेवर होतं. मला बघून तो उठला आणि पँटची धूळ झटकली.

"हितं का बसलायस?" मी विचारलं.

"मोटरीची पेटी बघाय आलतो. दमलो म्हणून टेकलो." मग म्हणाला, "कुलूप तोडाय आलो आसन, आसं वाटलं व्हय तुला?"

मी पर्समधून किल्ली काढली. तो थोडा बाजूला सरकला, म्हणजे मला दारापाशी जाता यावं.

"तू माझी बहीणच हायस," तो म्हणाला. "त्याला मी कवा न्हाय म्हणलोय? पर जमिनीचं येगळं आसतं. आबांचं गुडघं गेल्यापास्नं रानात मी राबलो. उन्हात कोण उभं व्हतं? तू आन् तुझा घरवाला सणाला यायचा. उद्या तुमी ते रान इकून मोकळं व्हाल. आमच्या वाडवडलांची जमीन हाय ती."

"माझ्या वडिलांची नाही?"

"आता कोर्टानंच सांगितलंय," तो खाली बघून म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता, ते जास्त वाईट होतं. रानात तोच राबला होता. आई आजारी असताना तिला रात्री-बेरात्री गाडीत घालून बारामतीला त्यानंच आणलं होतं. तो लबाड असता तर मला नीट झोप लागली असती. मी दार उघडलं, देवांवरची धूळ पुसली, परत कुलूप लावलं. जाताना दोनदा ओढून बघितलं. तो ते बघत होता.

स्थगितीच्या अर्जावर सुनावणी झाली आणि अपिलाचा निकाल लागेपर्यंत ताबा जैसे थे ठेवावा, असा हुकूम मिळाला. वकीलबाई म्हणाल्या, "आता जरा दम खा." मला दम खाता आला नाही. आधी मी दादाला भीत होते, आता तारखांना भ्यायला लागले. समोरच्यांना नोटीस लागली नाही, इंदापुराहून मूळ दप्तर आलं नाही, वकील दुसऱ्या कोर्टात गुंतले, अशा कारणांनी तारीख पुढं जायची. तारीख जवळ आली की भूक जायची, आणि पुढं गेली की मला हायसं वाटायचं. हायसं वाटल्याबद्दल मग स्वतःचाच राग यायचा.

या सगळ्या दिवसांत मी मावशीशी बोलले नव्हते. भांडले नव्हते, पण तिचा फोन आला की पोरीला द्यायची. ती काय बोलेल याची भीती वाटायची, आणि आपण काय बोलू याचीही.

एका दुपारी ती न कळवता दुकानात आली. इंदापूरहून बसनं बारामती आणि तिथून रिक्षानं जळोची, एकटी. हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी करडईची कोवळी भाजी. मी तिला दुकानामागच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं.

"मला बारामतीच्या सायबाकडं न्ये," ती म्हणाली. "मी नीट सांगती त्यास्नी. तवा इंदापुरात त्या वकिलानं मला बोलण्यात घेतलं."

मी वकीलबाईंना फोन लावला. त्यांचं उत्तर मला माहीत होतं, पण तिनं ते ऐकावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला. अपिलात नव्यानं साक्ष होत नाही, त्या समजावून म्हणाल्या. खालच्या कोर्टात जे लिहिलं गेलं, तेच वरचे साहेब वाचतात. सहसा त्यात भर घालता येत नाही आणि खोडता तर येतच नाही.

"म्हंजी मी बोलले ते बोलले," मावशी म्हणाली.

"हो मावशी," वकीलबाई म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर ती पदराला पीळ घालत बसली. बाहेर कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मी जाऊन देऊन आले. परत आले तर ती तशीच.

मग मी विचारलं. इतकी वर्षं कुणीच विचारलं नव्हतं, मीही नाही. "मावशी, तू मला दिलं होतंस ना?"

तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला.

"तुझ्या आईनं माझ्याकडं कवा तोंड उघडून मागितलं न्हाय," ती म्हणाली. "मीच तुझ्या काकांना म्हणलं, की अक्काला देऊ. तिचं घर भरंल. आपल्याला दोगी हायत्या. त्येबी व्हय म्हणलं. सगळं माझ्या मनानं झालं, कुणी जुलूम केला न्हाय. भटजीनं सांगितलं तसं मी तुला उचलली आन् तिच्या मांडीवर ठिवली. तू हसत व्हतीस, तिच्या गळ्यातली पोत धरून. जेवणं झाली. मग आमी यष्टीनं माघारी निगालो. शेळगावची येस वलांडली न्हाय तवर माझी चोळी भिजली. दूध यायचं अजून. बशीत माणसं. मी पदर घट्ट लपेटून बसले. तुझ्या काकांनी खिडकीकडं तोंड केलं ते इंदापूर येईस्तवर फिरवलं न्हाय."

मी तिच्यासमोर स्टुलावर बसले होते. माझ्या हातात खोकल्याच्या औषधाचं बिल होतं, ते मी घडी करत राहिले.

"सगळं केलं मी. अंगठा दिला, ओटीत घातलं. पर 'दिली' हे तोंडानं म्हणाय मला कवा आलंच न्हाय. बायका इचारायच्या, तिसरी कुटं हाय? मी म्हणायची, अक्काकडं ठेवलीया. सवयच लागली. आन् त्यो वकील म्हणला, देऊन टाकली का. टाकली म्हणला त्यो."

ती रडली नाही. थोड्या वेळानं उठून भाजी निवडायला घेतली, कारण करडई लगेच केली नाही तर कोमेजते. त्या दिवशी ती आमच्याकडं राहिली. तिला झोप लागली होती की नाही कुणास ठाऊक, पण ती कूस बदलत नव्हती एवढं मला दिसत होतं. तिच्यावरचा माझा राग कुठं गेला ते मला सांगता येणार नाही. पण काळजी मात्र दुप्पट झाली. तोपर्यंत हरले तर मी एकटी हरणार होते. आता वाटायला लागलं, की हरले तर या बाईच्या माथी आयुष्यभर ते वाक्य बसेल.

युक्तिवादाचा दिवस अखेर आला. दुकान मी नवऱ्यावर सोपवलं. बारामतीचं कोर्ट इंदापूरपेक्षा मोठं, कॉरिडॉरमध्ये माणसं गर्दीनं उभी. दादा आधीच येऊन बसला होता, डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. आम्ही एकमेकांना बघितलं. त्यानं मान हलवली, मीही हलवली.

वकीलबाई शांतपणे बोलायला लागल्या. मला वाटलं होतं, मावशीच्या त्या वाक्यापासून त्या दूर राहतील. पण त्यांनी तेच आधी वाचलं. मग म्हणाल्या, "साहेब, आता याच साक्षीतला याच्या आधीचा भाग वाचते." भटजी आले होते. मी मुलगी बहिणीच्या मांडीवर ठेवली. अंगठा माझा आहे. "ही बाई नाकारतेय ते कृत्य नाही. ती नाकारतेय तो शब्द. दत्तकपत्र नोंदणीकृत आहे, त्यावर देणाऱ्याघेणाऱ्यांच्या सह्या-अंगठे आहेत. दत्तक झालं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी कायद्यानं वादीवर येते. खालच्या कोर्टानं ती उलटी प्रतिवादीवर टाकली आणि एका आईच्या एका वाक्यावर निकाल दिला."

साहेब लिहून घेत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. मी त्यांच्या पेनाकडं बघत होते.

दादाचे वकील तेच होते, इंदापूरचे. त्यांनीही मुद्देसूद सांगितलं. कागद म्हणजे दत्तक नव्हे, देण्याचा हेतू हवा, आणि हेतू फक्त देणारीच सांगू शकते. तिनं सांगितलाय. मला वाटलं, संपलं. खरंच, त्यांच्या तोंडून ऐकलं की मलाही ते पटायचं.

मग साहेबांनी दप्तराची पानं उलटली आणि एक फोटो वर काढला. माझ्या लग्नातला. नवरदेवाचा कान पिळण्याचा मान नवरीच्या भावाचा असतो. फोटोत दादा फेटा बांधून, दात दाखवत माझ्या नवऱ्याचा कान पिळतोय आणि मागं आबा हसतायत.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"वादी आहेत, साहेब," दादाचे वकील म्हणाले.

"कानपिळीला वादी कसे?"

"गावाकडं भाऊ म्हणून कुणीही उभं राहतं, साहेब. मानलेलं नातं."

साहेबांनी आणखी एक पान उलटलं. "वादीनं उलटतपासात कबूल केलंय, की मुलीचे भाऊ या नात्यानं त्यांना कानपिळीचा पोशाख मयतांनी केला होता. आणि लग्नपत्रिकेत मयतांची कन्या म्हणून प्रतिवादीचं नाव आहे, हेही." एवढंच म्हणून त्यांनी फोटो परत दप्तरात ठेवला.

मी मागं वळून बघितलं नाही. पण बाहेर आल्यावर दादा जिन्याजवळ उभा होता, टोपी अजून हातातच.

त्या दिवशी निकाल लागला नाही. निकालासाठी तारीख पडली आणि सगळ्यांत वाईट काळ तिथून सुरू झाला. कारण कॉरिडॉरमध्ये कुणीतरी म्हणालं होतं, की साहेबांची बदली होणार आहे. वकीलबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, बदल्यांचे दिवस आहेत, सांगता येत नाही.

"झाली तर?"

"निकालाआधी झाली तर नवे साहेब पुन्हा युक्तिवाद ऐकतील."

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा ते वाक्य कुणीतरी मोठ्यानं वाचणार. मी नवरा नसताना देवापुढं उभी राहून एका अनोळखी माणसाच्या नोकरीसाठी प्रार्थना केली, की यांना इथंच ठेव. पोरगी शाळेतून आली की आधी माझ्या तोंडाकडं बघायची. एकदा तिनं विचारलं, "आई, तू हरलीस तर शेळगावची आजी माझी आजी राहणार नाही का?" मी तिला म्हटलं, राहील की. आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले.

निकाल त्याच साहेबांनी दिला. सकाळच्या सत्रात आमचा क्रमांक पुकारला, मी उभी राहिले. ते शेवटचा भाग वाचत होते, पण पंख्याचा आवाज मोठा होता आणि माझ्या कानात त्याहून मोठा आवाज होता. "अपील मंजूर" हे शब्द मी ऐकले, पण त्याचा अर्थ आपल्या बाजूनं की विरुद्ध, ते मला क्षणभर कळेना. वकीलबाईंनी माझ्या कोपराला हात लावला. "दावा फेटाळला," त्या हळू म्हणाल्या. "तुम्ही त्यांची मुलगी आहात."

मी साहेबांना नमस्कार केला, तोवर ते पुढच्या प्रकरणाकडं वळले होते.

बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं, मग मावशीला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. पलीकडून काहीच येईना. मला वाटलं ती रडतेय.

मग तिनं विचारलं, "सायब मला काय म्हणाले?"

"तुला? तुला काय म्हणणार?"

"न्हाय, त्या कागदावर येक आन् खरं येक, म्हणून. मला बोलावणार न्हाईत ना? शेजारचा सांगत व्हता, कोर्टात खोटं बोललं की आत टाकत्यात."

इतके महिने ती ही भीती घेऊन बसली होती. इंदापूरच्या त्या घरात, कुणाला न सांगता. मी जळोचीत माझ्या भीतीत होते आणि ती तिकडं तिच्या. मी तिला चारचारदा सांगितलं, की तू खोटं बोललीच नाहीस असंच साहेबांनी लिहिलंय. जन्मदात्रीनं व्यथेपोटी काढलेले उद्गार, असे शब्द आहेत निकालात, वकीलबाईंनी मला वाचून दाखवलेले. तिला व्यथेपोटी कळलं नाही. मी म्हटलं, "जीव तुटून बोललीस, असं लिहिलंय."

"मग बराबर लिवलंय," ती म्हणाली.

याच्यावर दादाला उच्च न्यायालयात जाता येतं. आपल्याला न सांगता तिथं हुकूम होऊ नये म्हणून वकीलबाईंनी तशी सूचना आधीच देऊन ठेवली. पोस्टमन दुकानासमोर सायकल लावतो तेव्हा अजूनही माझं लक्ष त्याच्या पिशवीकडं जातं. बहुतेक वेळा विम्याचे कागद असतात.

निकालानंतर बरेच दिवस दादाची गाठ पडली नाही. मग एका सकाळी त्याचा फोन आला. कोर्टकज्जे सुरू झाल्यापासूनचा पहिला. फोनवर नाव दिसलं आणि मी हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"कालव्याला पाणी सुटलंय," तो म्हणाला. "परवा पाण्याची पाळी हाय. तुज्या रानात दारं धराय कोण हाय?"

कोणीच नव्हतं, हे त्याला माहीत होतं. अपील चालू असताना त्या उसाला पाणी कुणी दिलं होतं, हेही मला माहीत होतं.

"तू धरशील का?" मी विचारलं. "पीक निम्मं-निम्मं वाटून घेऊ. आबांच्या वेळी तू जसं बघायचास, तसंच बघ."

"लिवून द्यावं लागंल," तो म्हणाला. "उगं तोंडी नको आता."

"देते लिहून."

पाळीच्या दिवशी मी गाडी घेऊन शेळगावला गेले. उन्हाळ्याचं ऊन सकाळीच चढलेलं. दादा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सरीत उभा होता, खोरं हातात. पाणी मातकट, संथ येत होतं. त्यानं एक सरी भरली, मातीचा बांध घातला, दुसरीचं तोंड उघडलं. मी बांधावर उभी होते. तो उच्च न्यायालयात जाणार आहे का, हे मला विचारायचं होतं. त्यासाठीच मी खरं तर आले होते, फोनवर विचारता येत नव्हतं म्हणून.

"चहा आणलाय का?" त्यानं विचारलं.

थर्मास गाडीत होता. मी आणायला गेले.